धूमकेतू बर्फाचा आहे हे कळलं कसं? वेणू बाप्पू आणि प्रकाशाचे ठसे

एप्रिल २०१६. मी लातूरला होतो. बारावीचे पेपर संपले होते, सीईटी तोंडावर होती. पण घरात अभ्यासापेक्षा जास्त चर्चा पाणी कधी येणार याची चालायची. त्याच महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी होत्या, एकेकीत साधारण ५०,००० लिटर, म्हणजे सगळं मिळून ५ लाख लिटर. टीव्हीवाले स्टेशनवर आणि आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत.

त्याच दिवसांत एका पुस्तकात वाचलं की धूमकेतूंमध्ये भरपूर पाणी असतं, बर्फाच्या रूपात. रांगेत उभं राहून डोक्यात एकच प्रश्न: तिथे बर्फ आहे हे बघायला गेलं कोण? क्लासमध्ये विचारलं. सर म्हणाले, हे सीईटीला येत नाही, पुढचं गणित घे. सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. लातूर पॅटर्न म्हणजे काय हे ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे, तिथे प्रत्येक मिनिटाचा हिशोब असतो. प्रश्न तिथेच राहिला. मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागलो, कोड लिहायला लागलो.

पुढे एका रात्री डिप्लॉयमेंट अडकलं होतं म्हणून जागा होतो आणि सहज वाचता वाचता वेणू बाप्पूंपर्यंत पोहोचलो. या माणसाने एक धूमकेतू शोधला होता, तोही विद्यार्थी असताना. आणि त्याला परदेशी पाठवणारं सरकार होतं हैदराबादचं, म्हणजे तेव्हाचं आपलंच. माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या गोष्टीच्या आजूबाजूला सापडलं.

आपल्याच राज्यातला मुलगा

आज आपण नांदेड-लातूर म्हटलं की महाराष्ट्र म्हणतो. पण १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, तरी हैदराबाद हे राज्य १९५६ पर्यंत होतंच. नांदेड त्यातला जिल्हा, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. आपल्या आजोबा-पणजोबांची कोर्टकचेरी, कॉलेज, नोकरी, सगळ्याचा रस्ता हैदराबादला जायचा.

त्याच हैदराबादमध्ये बेगमपेटला निजामिया वेधशाळा होती. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये स्वतःच्या हौशीतून ती सुरू केली आणि काही वर्षांनी ती निजाम सरकारकडे आली. सगळ्या जगातल्या वेधशाळांनी मिळून आकाशाचा फोटो-नकाशा बनवायचा प्रकल्प घेतला होता, त्यातला आकाशाचा एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला होता. या वेधशाळेत एम. के. बाप्पू नावाचे सहायक काम करायचे. मूळचे केरळमधल्या थलासेरीचे. त्यांचा मुलगा म्हणजे मनाली कल्लट वेणू बाप्पू. जन्म मद्रासचा, १० ऑगस्ट १९२७, पण वाढला तो हैदराबादमध्ये, दुर्बिणींच्या सावलीत.

आपण मोबाईल हातात घेऊन मोठे झालो, हा मुलगा दुर्बीण हातात घेऊन मोठा झाला. निजाम कॉलेजमध्ये शिकत असतानाच तो तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवायचा. रात्रीच्या आकाशाचा स्वतःचा जो मंद उजेड असतो, त्याचा वर्णपट घ्यायला त्याने यंत्र जुळवलं होतं. या वर्णपटाशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

प्रकाशाचा ठसा

तुमच्या फोनमध्ये गाणं ओळखणारं ॲप असेल. हॉटेलात कुठलं तरी गाणं वाजतंय, तुम्ही फोन पुढे धरता, दहा सेकंदांत नाव येतं. ॲप गाणं समजून घेत नाही. ते आवाजाचा एक ठसा काढतं आणि आपल्या डेटाबेसमधल्या ठशांशी जुळवून बघतं.

प्रकाशाचंही तसंच आहे. प्रकाशाचे रंग वेगळे करून पसरले की जो पट्टा मिळतो तो वर्णपट. प्रत्येक पदार्थ काही ठरावीक रंग सोडतो किंवा गिळतो. मिठातलं सोडियम जळताना पिवळा रंग देतं. कॅल्शियमच्या खुणा वेगळ्या, कार्बनच्या वेगळ्या. वर्णपटातल्या या खुणा म्हणजे त्या पदार्थाचा ठसा.

घरी करून बघायचं असेल तर जुनी सीडी घ्या. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर जुन्या ट्यूबलाइटचा किंवा सीएफएलचा उजेड तिरका पाडा. रंगांचे वेगवेगळे पट्टे दिसतील. मग पिवळ्या तारेच्या बल्बचा उजेड पाडा, तिथे सलग इंद्रधनुष्य दिसेल. दोन्ही दिव्यांचा उजेड डोळ्याला साधारण सारखा, पण ठसा वेगळा. (सूर्याकडे मात्र अशा कुठल्याही प्रयोगात बघायचं नाही.)

आता यातली खरी अडचण. ठसा मिळाला तरी डेटाबेसमध्ये एंट्रीच नसेल तर? आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हे बघतो: सर्च कितीही फास्ट असू दे, टेबल रिकामं असेल तर रिझल्ट शून्य. धूमकेतूंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. १८८१ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका धूमकेतूच्या वर्णपटात जांभळ्या भागात एक खूण टिपली. ती कशाची, कोणालाच सांगता येईना. १९४२ मध्ये गेरहार्ड हर्झबर्ग यांनी प्रयोगशाळेत तशीच खूण तयार करून दाखवली, पण ती कुठल्या रेणूची हे तेव्हा चुकलं. शेवटी १९५१ मध्ये अलेक्झांडर डग्लस यांनी जड कार्बन वापरून प्रयोग केला आणि सिद्ध केलं की तीन कार्बन अणू एकत्र आलेला रेणू ही खूण देतो. आकाशात दिसलेली गोष्ट जमिनीवर ओळखायला ७० वर्षं लागली.

म्हणजे आकाश वाचायचं असेल तर नुसती दुर्बीण पुरत नाही. जमिनीवर कोणीतरी खपून संदर्भ तयार करावा लागतो.

२ जुलै १९४९

हैदराबाद सरकारच्या स्कॉलरशिपवर बाप्पू १९४९ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे हार्लो शॅप्ली वेधशाळेचे संचालक होते. जाऊन काही महिनेच झाले होते. २ जुलै १९४९ च्या रात्री ते आकाशाचे नेहमीचे फोटो घेत होते. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर यायचे. प्लेट धुऊन बघितल्यावर त्यांना एक अशी खूण दिसली जी तिथे असायला नको होती. प्राध्यापक बार्ट बॉक आणि सहकारी विद्यार्थी गॉर्डन न्यूकर्क यांच्या मदतीने खात्री झाली की हा नवा धूमकेतू आहे. त्याला तिघांची नावं मिळाली: बाप्पू-बॉक-न्यूकर्क. पॅसिफिकच्या खगोल संस्थेने बाप्पूंना त्याबद्दल डोनो पदक दिलं. वय वर्षं २१, बाविसावं लागायला महिना बाकी.

इथे त्यांच्या चरित्रांत हमखास येणारा एक किस्सा आहे. बातमी हैदराबादला पोहोचल्यावर सरकारी कचेरीतून कौतुकाऐवजी समज देणारं पत्र गेलं म्हणतात. तुम्हाला अभ्यासासाठी पाठवलंय, धूमकेतू शोधण्यासाठी नव्हे, अशा अर्थाचं.

वाचून मला हसू आलं, आणि लगेच क्लासमधला मी आठवलो. सिलॅबसच्या बाहेरचं काही केलं की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया हीच असते. फरक इतकाच की मी गप्प बसलो आणि पुढचं गणित घेतलं. बाप्पूंनी अभ्यासही केला आणि आकाश बघणंही सोडलं नाही. १९५२ मध्ये त्यांची पीएचडी झाली.

मळका बर्फाचा गोळा

आता गंमत बघा. बाप्पूंनी धूमकेतू शोधला तेव्हा धूमकेतू आतून नेमका कशाचा असतो हे ठरलेलं नव्हतं. वाळू आणि खडे एकत्र उडणारा थवा असतो, असं बरेच जण मानायचे. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्याच हार्वर्डमधले फ्रेड व्हिपल यांनी नवी मांडणी केली. धूमकेतूचं केंद्र म्हणजे पाणी, अमोनिया, मिथेन अशा पदार्थांचा बर्फ आणि त्यात मिसळलेली धूळ. थोडक्यात, मळका बर्फाचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची थेट वाफ होते आणि शेपटी फुटते.

मांडणी पटणारी होती, पण पुरावा कुठे? धूमकेतूच्या वर्णपटात दिसायचे ते तुकडे: कार्बनच्या जोड्या, सायनोजेन, पाण्यातून तुटलेला ओएच. म्हणजे घराबाहेर पडलेल्या विटा दिसत होत्या, घर दिसत नव्हतं. अख्खा पाण्याचा रेणू आपला ठसा मुख्यतः इन्फ्रारेडमध्ये देतो, जो डोळ्याला दिसत नाही. वर आपल्या हवेतच इतकी वाफ असते की बाहेरून येणारा तो प्रकाश वाटेतच गिळला जातो. आपल्याच हवेतलं पाणी लांबच्या पाण्याच्या आड येतं.

आणि बर्फाची वेगळी कटकट. वायूचा ठसा बारीक, टोकदार रेषांचा असतो. बर्फाचा ठसा रुंद आणि पसरट असतो, आणि तो परिस्थितीनुसार बदलतो. फ्रीजमधल्या बर्फात रेणू थिएटरमधल्या नंबरच्या खुर्च्यांवर बसल्यासारखे ओळीने असतात. अंतराळातल्या थंडीत वाफ धुळीच्या कणावर आदळते आणि आदळेल तिथेच चिकटते. यात्रेच्या दिवशी एसटीत चढलेल्या गर्दीसारखं, जागा मिळेल तिथे. पाणी तेच, पण ठशाचा आकार वेगळा. त्यात दुसरे रेणू मिसळले की आणखी वेगळा.

म्हणून प्रयोगशाळेत अंतराळाचा बर्फ तयार करावा लागतो. एक स्टीलची पेटी घेतात, आतली हवा जवळपास सगळी काढून टाकतात. आत इन्फ्रारेड आरपार जाऊ देणारी एक छोटी खिडकी असते, ती हेलियमवर चालणाऱ्या कूलरने उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात. मग तिच्यावर पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, मिथेनॉल असे वायू हलकेच सोडतात. केसापेक्षा कितीतरी पातळ बर्फाचा थर जमतो. त्यातून इन्फ्रारेड प्रकाश पाठवायचा आणि कुठला भाग गिळला गेला ते नोंदवायचं. पाण्याच्या बर्फाची मोठी खूण ३ मायक्रॉनच्या आसपास, कार्बन डायऑक्साइडची ४.२७ ला, कार्बन मोनॉक्साइडची ४.६७ ला. मग तापमान थोडं वाढवायचं, पुन्हा नोंद. मिश्रण बदलायचं, पुन्हा नोंद. अतिनील दिवा लावून ताऱ्याच्या उजेडाची नक्कल करायची, पुन्हा नोंद. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी अशा बर्फावर अतिनील प्रकाश टाकून अमिनो आम्लं मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. अमिनो आम्लं म्हणजे आपल्या शरीरातल्या प्रथिनांचे मूळ तुकडे.

हे काम कंटाळवाणं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट डेटा तयार करण्यासारखं. लॉन्चच्या फोटोत ते करणारा दिसत नाही, पण त्याच्याशिवाय लॉन्च होत नाही. भारतात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत असे प्रयोग होतात.

मोजपट्टी बनवणारा माणूस

बाप्पूंनी स्वतः असा बर्फ बनवला नाही. पण आधी जमिनीवरचा संदर्भ पक्का करायचा आणि मग आकाश वाचायचं, हीच रीत त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कामात आहे.

पीएचडीनंतर कार्नेगी फेलोशिपवर ते कॅलिफोर्नियात पालोमारला गेले, जिथे तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती. तिथे ओलिन विल्सन यांच्यासोबत त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटातली कॅल्शियमची एक खूण तपासली. त्या खुणेच्या मधोमध एक बारीक उजळ रेघ असते. दोघांच्या लक्षात आलं की ही रेघ जितकी रुंद, तितका तारा मुळात जास्त तेजस्वी. अंतर आधीच माहीत असलेल्या ताऱ्यांवरून त्यांनी पट्टी ठरवली आणि १९५७ मध्ये १८५ ताऱ्यांवर हा नियम मांडला. यालाच विल्सन-बाप्पू परिणाम म्हणतात. रेघेची रुंदी मोजा, ताऱ्याचं खरं तेज कळेल. खरं तेज आणि दिसणारं तेज यांची तुलना केली की अंतर कळतं. फुटपट्टी न लावता अंतर मोजायची पट्टी तयार झाली.

एवढं काम झाल्यावर अमेरिकेत राहणं त्यांना अवघड नव्हतं. पण ते १९५३ मध्ये परत आले.

परत येऊन काय केलं?

इथे मला त्यांचं सगळ्यात जास्त वाटतं, कारण माझ्या बॅचमधले निम्मे जण आज बाहेर आहेत आणि मीही कंपनीकडून व्हिसाची वाट बघतोय.

१९५४ मध्ये ते उत्तर प्रदेशच्या नव्या सरकारी वेधशाळेत गेले. ती वाराणसीत होती, तिथून ती नैनितालच्या डोंगरावर हलवण्यात आली. १९६० मध्ये तमिळनाडूतल्या कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. ही १८९९ पासूनची, सूर्याच्या अभ्यासासाठी नावाजलेली वेधशाळा. आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक नायगमवाला यांनी उभारलेली २० इंची दुर्बीण १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाल्यावर इथेच आली होती.

धूमकेतू त्यांनी सोडला नव्हता. १९६९ मध्ये के. आर. शिवरामन यांच्यासोबत त्यांनी धूमकेतूंच्या केंद्राजवळच्या सोडियमच्या प्रकाशावरून सौर वाऱ्याबद्दल निष्कर्ष मांडले. तोच मिठातला पिवळा ठसा.

पण कोडाईकनालला ढग फार. ताऱ्यांसाठी मोकळ्या रात्री हव्यात. म्हणून त्यांनी दक्षिणेत जागा धुंडाळल्या आणि जवादी डोंगरातलं कावलूर निवडलं. १९६८ मध्ये तिथे ३८ सेंटिमीटरची दुर्बीण लागली, कोडाईकनालच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवलेली. १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था स्वतंत्र झाली आणि बाप्पू तिचे प्रमुख. १९७२ मध्ये १ मीटरची दुर्बीण आली. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. त्या वेळी ताऱ्याचा उजेड अचानक मंदावल्याची नोंद कावलूरच्या दुर्बिणीनेही घेतली. युरेनसभोवतीची कडी जगाला कळली ती याच घटनेतून.

तरी १ मीटरची ती दुर्बीण जर्मनीहून आणलेली होती. बाप्पूंना आता मोठी दुर्बीण हवी होती, २.३४ मीटर आरशाची, आणि ती भारतातच बनवायची होती. आरसा घासण्यापासून. विकत घेता आली असती, हे खरं. पण दुर्बीण विकत घेतली की दुर्बीण येते. बनवली की ती दुरुस्त करणारी आणि पुढची बनवणारी माणसंही तयार होतात. त्यांच्या कामाकडे बघून मला तरी हाच अर्थ दिसतो.

ऑगस्ट १९८२

१९७९ मध्ये बाप्पू आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष निवडले गेले, १९८१ मध्ये पद्मभूषण मिळालं. ऑगस्ट १९८२ मध्ये ग्रीसमधल्या पॅट्रास शहरात संघाचं अधिवेशन होतं आणि अध्यक्ष म्हणून त्यांनी तिथे असायचं होतं. ते म्युनिकपर्यंतच पोहोचले. तिथे हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि १९ ऑगस्ट १९८२ ला ते गेले. वय ५५. मोठी दुर्बीण अजून पूर्ण व्हायची होती.

त्याच ऑगस्टमध्ये इकडे उस्मानाबादमधून वेगळा लातूर जिल्हा झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण मला ती तारीख आता विसरता येत नाही.

६ जानेवारी १९८६ ला त्या २.३४ मीटरच्या दुर्बिणीला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते वेणू बाप्पूंचं नाव मिळालं. आणि त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९८५ मध्ये, माझ्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं होतं. नासाच्या एका विमानात दुर्बीण बसवलेली होती. हवेतल्या बहुतेक वाफेच्या वर उडत तिने हॅलेच्या धूमकेतूचा इन्फ्रारेड वर्णपट घेतला आणि त्यात पाण्याच्या रेणूचा ठसा थेट सापडला. व्हिपल यांच्या मांडणीला ३५ वर्षांनी पुरावा मिळाला. बाप्पूंना तो बघायला तीन वर्षं कमी पडली.

२०२३ च्या जानेवारीत जेम्स वेब दुर्बिणीने तारे जन्मायच्या आधीच्या एका काळोख्या ढगात पाणी, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉल यांचा बर्फ ओळखला. बातम्यांत फोटो दुर्बिणीचा होता. पण ओळख पटली ती प्रयोगशाळेतल्या स्टीलच्या पेट्यांमध्ये वर्षानुवर्षं जमवलेल्या ठशांशी जुळवून.

तर सर, उत्तर असं आहे. धूमकेतूत बर्फ आहे हे बघायला त्या वेळी कोणीही तिथे गेलं नव्हतं. लोकांनी इथेच जमिनीवर बर्फ बनवला, दुर्बिणी बनवल्या, ठसे जमवले, आणि मग वर बघितलं. हे सीईटीला अजूनही येत नसेल. पण क्लासमध्ये कोणी विचारलं तर एवढं दोन मिनिटांत सांगून होतं, आणि पुढचं गणित मग घेता येतं.